गणवीरभाऊंचा शेरा

चुनखडीच्या नमुन्यांच्या पिशव्या खाणीवरून आमच्या प्रयोगशाळेत येत, तेव्हा प्रत्येक पिशवीच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर पाच रकाने छापलेले: पिशवीचा नंबर, ओळ, ठिकाण, सॅम्पल घेणाऱ्याचं नाव आणि शेरा. हा शेवटचा रकाना कुणाच्या डोक्यातून निघाला होता कोण जाणे. दगडाबद्दल माणूस काय शेरा मारणार? सगळे सॅम्पलवाले तिथं आडवी रेघ ओढून मोकळे होत.

एका सकाळी मी पिशवी सोडायला घेतली आणि शेऱ्यात लिहिलेलं दिसलं, ‘भुईगेंद दोन. मधात चार हात मोकळं. मोरशिखा एक, चिरेत.’ नावाच्या रकान्यात स. गणवीर. पुढच्या पिशवीवर, ‘मोरशिखा तीन, वाळलेल्या. गवत नाही.’ त्याच्या पुढच्या पिशवीवर, ‘कोणीच नाही.’ अक्षर इतकं घोटीव की शाळेत फळ्यावर लिहायला द्यावं.

आमच्या मुख्य केमिस्टना अक्षराचं कौतुक नव्हतं. "ये खदान का माल है कि बगीचे का?" म्हणत त्यांनी चिठ्ठ्या माझ्यापुढे टाकल्या, आणि हा तुमचाच मराठी माणूस दिसतो, जाऊन समजवा, असं फर्मान सोडलं. भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. पहिली भट्टी पेटली होती, पुढच्यांचं काम चाललं होतं आणि सगळ्या मुलखातून माणसं येऊन पडली होती. कुणाला काही समजवायचं तर आधी त्याच्या भाषेचा माणूस हुडकावा लागे. मी भंडाऱ्याकडचा कापगते. धानाच्या बांध्या सोडून इंटर सायन्सच्या जोरावर इथं चिकटलेला. दगडाची पूड ॲसिडमध्ये विरघळवायची, विरघळत नाही तो गाळ मुशीत जाळायचा आणि उरेल ती सिलिका तोलायची, हे माझं काम. सिलिका कमी म्हणजे दगड चोख. त्यापलीकडे मला दगडाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि झाडाशी तर त्याहून नव्हतं.

खाणीवरच्या टिनाच्या शेडजवळ गणवीरभाऊ भेटले. चाळिशी उलटलेले, काटक, काळेसावळे, खाकी हाफपँट. कंपनीनं दिलेले बूट नाडीनं बांधून गळ्यात अडकवलेले. पायात काही नाही. वैशाखातल्या त्या दगडावर मला चपलेतूनही चटका बसत होता.

"बूट पायात घालायचे असतात," मी म्हणालो. साहेबाकडून निरोप घेऊन आलो होतो, त्यामुळे जरा अंगात आलं होतं.

"साहेब आले का घालतो जी. गेले का काढतो. बूट घातले का पाय आंधळे होते."

मग मी मुद्द्यावर आलो. शेऱ्याच्या रकान्यात लिहू नका, म्हटलं.

"कावून जी? लिहाचं नाही तर छापला कशाले?"

मी परत आलो आणि केमिस्टना सांगितलं, की सांगितलंय. शेरे येतच राहिले. हळूहळू मला त्याची सवय लागली आणि चिठ्ठी हातात आली की मी नंबराआधी शेरा वाचू लागलो.

गणवीरभाऊ आधी आमच्याकडच्या मँगनीजच्या खाणींत होते. एका सर्वेक्षणवाल्या साहेबाच्या मागं हातोडी आणि पाण्याची पिशवी घेऊन त्यांनी बारा-पंधरा वर्षं रानं तुडवली होती. शिक्षण चौथी. नागपुरात सगळ्यांबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली होती, आणि त्यानंतर वर्षभरात बायकोला, सोनाबाईंना, घेऊन ते भिलाईला आले. नमुन्यांच्या पिशव्या स्वतः घेऊन येत तेव्हा दारातूनच "जय भीम, कापगतेबाबू" म्हणत. पहिल्यांदा मी नुसती मान हलवली. माझ्या गावात त्यांच्या वस्तीतला माणूस आमच्या ओट्यावर बसत नसे, आणि इथं ते प्रयोगशाळेच्या पायरीवर माझ्या शेजारी बसून चहा पीत. पहिले काही दिवस मी अंग चोरून बसत असे. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. तेही हातभर अंतर ठेवून बसत. पुढं माझं अंग चोरणं संपलं तरी त्यांचं ते हातभर अंतर राहिलंच.

झाडांचा हिशेब त्यांनी मला त्याच पायरीवर समजावला. भुईगेंद म्हणजे जमिनीला चिकटून येणारे, चेंडूएवढे खरबरीत गोंडे. मोरशिखा म्हणजे बोटभर उंचीची, मोराच्या तुऱ्यासारखी. पाऊस नसला की स्वतःला गुंडाळून घेते. अजून दोन-तीन होती, त्यांची नावं मी ऐकली आणि विसरलो.

"माती असली का गर्दी होते जी. बोरी, पळस, गवत, सगळे येते. दगड जसा चोख होत जाते तशी एकएक जात निंगून जाते. आखरीले हे चार-पाच राहते. तेबी दूर दूर. मी झाड नाही लिहून रायलो, दगडच लिहून रायलो."

यावर आमचे भूगर्भवाले साहेब पोट धरून हसले होते. एकदा त्यांनी एका झुडपी उतारावर भोकं पाडायची ठरवली. गणवीरभाऊंनी तिथल्या चिठ्ठीवर शेरा लिहिला, ‘गर्दी. माल नाही.’ ड्रिल आठवडाभर चाललं आणि निघाली ती पिवळी माती. साहेबांनी हसणं थांबवलं, पण मान्यही केलं नाही. त्यानंतर मात्र नमुन्यांची नवीन ओळ टाकायच्या आधी ते गणवीरभाऊंना "जरा चक्कर मारून या" म्हणायला लागले. भाऊंना हे फार आवडलं होतं. आपण बोललेलं कुणीतरी खरं धरतं, याची चव त्यांना चाळिशीनंतर लागली होती.

त्यांची एक जागा होती. खाणीच्या हद्दीच्या टोकाला चुनखडीचा एक उघडा माथा होता. छत्तीसगढच्या सपाटीत त्याला उंच म्हणायचं एवढंच, पण वर चढलं की कारखान्याच्या चिमण्या दिसत म्हणे. ते त्याला टकल्या म्हणत. जेवणाचा डबा घेऊन ते रोज तिथं जात. त्या माथ्यावर कोण कुठं उगवलंय हे त्यांना पाठ होतं.

"या न एखाद्या इतवारी," ते मला म्हणत. "दाखवतो. साऱ्यात विरळ तिथं हाय. कोणी कोणाच्या अंगावर नाही पडत जी. ज्याची त्याची चीर, ज्याचं त्याचं पानी. आमच्या गावात पाय ठेवाचा तर इचारून ठेवा लागे. टकल्यावर कोणाले इचारा नाही लागत."

येतो येतो म्हणत मी गेलो नाही. रविवारी कपडे धुवायचे असत, वसाहतीच्या सेक्टरमध्ये कुणाकडे तरी पत्ते असत. टकल्याची ओळ अजून टाकलेली नव्हती आणि भाऊ त्या बाजूला चक्कर मारायला गेले तरी येऊन काही बोलत नसत. त्यांना तो माथा राखायचा होता. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण त्या दिशेची एकही पिशवी येत नाही हे पिशव्या सोडणाऱ्याला कळतंच.

मग दगड शोधायला मादाम आल्या. रशियन लोक तेव्हा भिलाईत पुष्कळ होते, पण बाईमाणूस हातोडी घेऊन उन्हात फिरते याचं खाणीवर सगळ्यांना अप्रूप. पन्नाशीच्या, केस पांढरे, डोक्याला रुमाल बांधलेला. नमुन्यांचे कागद बघताना त्या शेऱ्याच्या रकान्यावर थांबल्या आणि दुभाष्याला विचारलं, हे काय लिहिलंय? दुभाष्यानं वाचून दाखवलं. त्यांनी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या मागवल्या. दोन दिवस त्या चिठ्ठ्या वाचत बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, या माणसाला माझ्याबरोबर द्या.

पुढचा महिना गणवीरभाऊ वेगळेच होते. बोलण्यात "खराशो", म्हणजे रशियनमधलं छान, यायला लागलं. सोनाबाईंनी भाकरीला तेल-तिखट लावून दिलं की तेही खराशो. मादाम झाडं कागदात दाबून ठेवत, आणि भाऊ त्या कागदांवर देवनागरीत नावं घालत. दुभाष्यामार्फत त्यांनी भाऊंना आपल्याकडचं सांगितलं होतं. त्यांच्या देशात फार उंच डोंगर आहेत, त्यांच्या माथ्यावर चुनखडीच्या धारा आहेत. वर्षातले बरेच महिने बर्फ, आणि वारा असा की माती टिकतच नाही. तिथं दगडांच्या फटींत बोटभर झाडं उगवतात. एक इथं तर दुसरं दोन हात पलीकडं. ती दुसरीकडं कुठं होत नाहीत. खालचे लोक म्हणतात, वर काहीच नाही.

"मी इचारलं, त्यायले कोणी उपटत नाही काय? तर म्हणे, वर कोणी जातच नाही." हे सांगताना भाऊ चहा प्यायचे थांबले होते. "पहा जी. तिकडं थंडीनं, इकडं उन्हानं. पन रीत तीच."

त्यानंतर आठवडाभर ते आले नाहीत. आले तेव्हा पायरीवर बसले आणि चहा नको म्हणाले.

"नेलं मी तिले," ते म्हणाले.

"कुणाला? कुठं?"

"मादामले. टकल्यावर."

ते जे बोलले ते सगळं एका सुरात, समोरच्या कोळशाच्या ढिगाकडे पाहत.

"दुभाष्या खालीच रायला, त्याले ऊन लागे. मी बूट काढले. तिनं माह्या पायाकडे पायलं अन् आपलेबी काढले. मी सांगतलं नोहतं. गोऱ्या पायानं चालली जी, भाजत असन तरी. एकएका झाडापाशी बसली. मालो, मालो, म्हणे. थोडं थोडं. डोयाले पानी आलं तिच्या. मले वाटलं, झालं. आता कोणीतरी पायलं."

"मग?"

"मंग तिनं हातोडी काढली. मले वाटलं झाड काढते. तिनं दगड फोडला, ॲसिड टाकलं. असा फेस आला. खराशो म्हणे. झाडाले म्हणताना जसं तोंड होतं, तसंच."

मी म्हणालो, तिला सांगायचं होतं, की हे सोडा म्हणून.

"काय सांगू जी? झाड विरळ तर दगड चोख, हे मीच शिकवलं तिले. महिनाभर तेच शिकवलं. अन् मंग साऱ्यात विरळ जागा दाखवली. तिनं दुसरं काय समजाव?"

मादामचा काही दोष होता असं मला वाटत नाही. त्या दगड शोधायलाच आल्या होत्या. भट्ट्यांना चोख चुनखडी हवी होती, आणि ती सापडली म्हणून आम्ही सगळेच खूश झालो. नकाशावर टकल्याची ओळ पडली. तिचे नमुने घ्यायचं काम गणवीरभाऊंकडेच आलं, कारण त्यांच्याइतके काटेकोर नमुने कुणी घेत नसे. ओळीवर ठरलेल्या अंतरावर थांबायचं आणि पायाखाली येईल तोच दगड फोडायचा, निवड करायची नाही, असा नियम. पायाखाली झाड आलं तरी तिथंच.

त्या पिशव्या मी सोडल्या. चाळीसच्या वर होत्या. प्रत्येकीवर शेरा होता, आजवर कधी नव्हता इतका बारीक लिहिलेला. कागदाच्या मागच्या बाजूलाही. किती, कुठं, एकमेकांपासून किती हात, कोण वाळलेलं, कोण ओलं. मी ते सगळे वाचले नाहीत. साहेबांना निकाल लवकर हवे होते.

गाळ जाळल्यावर मुशीत जवळजवळ काही उरेना. इतका चोख दगड मी पाहिला नव्हता. मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू? भाऊ शेवटची पिशवी घेऊन आले तेव्हा मी त्यांना ओरडून सांगितलं, "भाऊ, सिलिका नावालासुद्धा नाही!"

"हो न जी," ते म्हणाले. "मी तर म्हणतच होतो."

त्यांचा चेहरा पाहून मला सुचायचं ते उशिरा सुचलं. हळूच म्हटलं, पिशव्यांत शेजारच्या उताराचा दगड भरला असता तर कुणाला कळलं असतं?

त्यांनी हातातल्या पिशवीची गाठ घट्ट केली. रागानं नाही. "चिठ्ठीवर नाव माह्यं हाय न जी," ते म्हणाले. "छापील चिठ्ठीवर."

एवढं बोलून ते उठले. माझ्या हातात तेव्हा निकालाचा कागद होता, त्यावरही माझंच नाव होतं. मीही काही केलं नाही.

सुरुंग लागायच्या आधीच्या रविवारी त्यांनी टकल्यावरून सतरा झाडं दगडासकट उचलली आणि सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरच्या मागं, चुनखडीचे तुकडे रचून त्यांत लावली. मग त्यांना तीन आठवड्यांसाठी दुसऱ्या खाणीवर पाठवलं. जाताना सोनाबाईंना झाडं सांभाळ एवढंच म्हणाले. सोनाबाईंनी सांभाळली. क्वार्टरात नळाला मुबलक पाणी होतं, जन्मात पहिल्यांदा, आणि त्या माउलीनं सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घातलं, वर शेणखत दिलं. मी प्रयोगशाळेचा निरोप द्यायला गेलो तेव्हा भाऊ नुकतेच परतले होते. मागच्या अंगणात दगडांवर काहीतरी काळं पडून चिकटलं होतं.

"मी एक दिवस नाही चुकली जी भाऊ," सोनाबाई मला म्हणाल्या. "पावण्यावानी पायलं. कावून मेले, सांगा."

"मले सांगाचं राहून गेलं," गणवीरभाऊ म्हणाले. "तुह्या हातानं काही नाही झालं." त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली आणि नळाखाली उपडी घातली. मला बसा म्हणाले. चहा झाला. मी त्या घरातून निघालो तेव्हा मला काही वाटत नव्हतं, आणि आपल्याला काही वाटत नाही याची भीती मात्र वाटत होती.

त्यानंतर त्यांच्या चिठ्ठ्यांवर शेऱ्यात आडवी रेघ यायला लागली, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. मुख्य केमिस्ट म्हणाले, "आखिर समझ गया आदमी." बूटही पायात आले. फोडलेल्या दगडाला धार असते, असं कारण त्यांनी दिलं. "आता पायाले काही इचाराचं नाही," हे त्याला जोडून म्हणाले. वर्षभरानं त्यांची बदली खाणीवरून कारखान्याच्या यार्डात झाली. वॅगनीतून चुनखडी येई, वर चढून तिचे नमुने घ्यायचे. तिथं उगवणारं काही नव्हतं. पायरीवर येणं चालू होतं, हातभर अंतरही होतं. आम्ही सेक्टरच्या रस्त्यांबद्दल बोलायचो, बढतीबद्दल, सोनाबाईंच्या गुडघ्यांबद्दल. मादाम केव्हाच आपल्या देशाला परतल्या होत्या आणि जाताना ते दाबलेल्या झाडांचे कागद घेऊन गेल्या होत्या. भाऊंनी त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही.

भाऊ नोकरी सोडून गावी जायच्या आदल्या आठवड्यात मी कामानं यार्डात गेलो होतो. चुनखडीच्या वॅगनींची रांग उभी होती. भाऊ वॅगनीवर, पायात बूट, हातात हातोडी. मी खालून हाक मारणार तेवढ्यात ते वाकले. एक मोठा धोंडा उचलून त्यांनी फिरवला. त्याच्या चिरेत काहीतरी अडकलेलं होतं, तपकिरी, वाळून गोळा झालेलं, मुळासकट. सुरुंग, फावडी, वॅगन, सगळ्यातून ते तसंच आलं होतं. भाऊंनी ते डोळ्यांजवळ नेलं. अंगठा चिरेपर्यंत नेला आणि मागे घेतला. मग धोंडा टेकवला, त्याच्या दुसऱ्या अंगाची कपची उडवली, पिशवीत टाकली, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून लिहिलं. धोंडा होता तिथं ठेवला. गाडी हलली, वॅगन दगड ओतायच्या फनेलाकडे सरकली आणि ते सराईतपणे शिडीनं उतरले.

मी जवळजवळ धावतच प्रयोगशाळेत आलो आणि पिशवीची वाट पाहत बसलो. पिशवी आली. मी आधी शेरा पाहिला. आडवी रेघ होती.

मग मी पेन्सिल घेतली. म्हटलं, त्यांनी नाही लिहिलं तर आपण लिहू, एक तरी. रेघेच्या वर ‘एक’ असं लिहिलं आणि थांबलो. भुईगेंद होतं की मोरशिखा, की त्या विसरलेल्या नावांपैकी कुठलं, मला ओळखता आलं नव्हतं. तीन वर्षं मी ती नावं वाचली होती आणि एकदाही टकल्यावर गेलो नव्हतो. विचारायला दारापर्यंत गेलो, तर गणवीरभाऊ पायरीवर बसले होते, शेजारी माझी जागा सोडून.

"कालच्या मालात सिलिका किती आली जी?" त्यांनी विचारलं.

"नावालासुद्धा नाही," मी म्हणालो, आणि आत जाऊन चिठ्ठी फाइलला लावली.